पाच ग्रॅमचा हात

१

वसुंधराबाई चांदोरकरांच्या डाव्या कानातली मोत्यांची कुडी गुरुवारी दुपारी गेली, आणि शनिवारी सकाळचे पोहे संपायच्या आत ती कोणी चोरली हे अर्ध्या इंदूरला माहीत होतं. गडबड एवढीच, की जे माहीत होतं ते चूक होतं.

आधीच सांगून टाकतो, माझ्या बोलण्यावर या शहरात कोणाचा विश्वास नाही. मी शरच्चंद्र, टेलिफोन खात्यात पस्तीस वर्षं लाइनमन. महूच्या जंगलात एक बिबट्या माझ्या खांबाखाली बसून एका सासूचा अख्खा ट्रंक कॉल ऐकून गेला आणि जाताना मान हलवत गेला, हे मी स्वतः पाहिलंय. लोक म्हणतात, शरूभिया, फिर फेंकी, म्हणजे पुन्हा थाप मारलीस. म्हणोत. ही गोष्ट मात्र खरी आहे, आणि हिच्यातलं खरं सांगता आलं नाही म्हणून आठवडाभर माझा जो जीव जळला, तो बिबट्यालाच ठाऊक.

तुकोगंजात दुसऱ्या मजल्यावर इरावतीचा दवाखाना आहे. साताऱ्याची मुलगी, सहा वर्षांपूर्वी इथे आली. क्रेनियल ऑस्टिओपॅथी करते. म्हणजे काय, तर तुम्ही पलंगावर उताणे झोपायचं, ती उशाशी बसते आणि दोन्ही हातांच्या ओंजळीत तुमचं डोकं धरते. बस. दाबणं नाही, चोळणं नाही, मान कडकन मोडणं नाही. वजन किती, तर पाच ग्रॅम. चहाच्या चमच्यात मावेल एवढी साखर. ती म्हणते कवटीची हाडंही मंद हलतात, ते हाताला कळतं. मला त्यातलं काही कळत नाही, पण वीस वर्षांची माझी अर्धशिशी तिच्याकडे गेल्यापासून निम्मी झाली. का झाली ते विचारू नका.

शुक्रवारी अकरा वाजता वसुंधराबाईंचा मुलगा समीर तिथे आला, तेव्हा मीही तिथेच होतो. कंपनीत मोठा साहेब, आवाज मात्र खाली ठेवून बोलणारा. असली माणसं जास्त भीती घालतात. कुडी साधी नव्हती. त्याच्या पणजोबांना संस्थानच्या दफ्तरातल्या नोकरीत मिळालेली, तीन पिढ्या सुनांच्या कानांत फिरलेली. आईने ती घालून चाळीस मिनिटं इथे डोळे मिटले, आणि जुन्या इंदूरला घरी पोचल्यावर डावा कान रिकामा. त्या चाळीस मिनिटांत आईच्या डोक्याला एकाच माणसाचे हात लागले होते.

इरावती म्हणाली, "समीरजी, मी कशाला घेऊ?"

"ते मला काय माहीत. आई सांगते, तुमचा हात डोक्यावर आहे की नाही हेच समजत नाही. मग तोच हात कानाला लागला, तर तिला कसं समजणार?"

जे तिचं कसब, तोच तिच्यावरचा पुरावा. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट तुकोगंजातल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर फिरली आणि शनिवारच्या अकरा पेशंटांपैकी आठांनी फोन करून येत नाही म्हणून सांगितलं. सोमवारी सकाळी समीर ठाण्यात जाणार होता. चोरीचा शिक्का बसलेले हात मग कोण आपल्या डोक्याला लावून घेईल?

समीर निघाला तेव्हाच मी छाती पुढे काढून म्हणालो, सोमवारच्या आत कुडी शोधून देतो. समीरने माझ्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"काका, गुरुवारी तुम्ही पण इथेच बसला होता ना?"

२

लाइन तुटली की आम्ही एकच प्रश्न विचारायचो. टोन, म्हणजे रिसीव्हर उचलल्यावरची ती गुणगुण, कुठपर्यंत येते? ज्या खांबावर टोन आहे आणि ज्याच्या पुढच्यावर नाही, त्या दोघांच्या मध्ये बिघाड. बाकी जंगल सोडून द्यायचं.

पहिल्या खांबावर टोन होती, हे मी शपथेवर सांगतो. गुरुवारी वसुंधराबाई सून प्राचीसोबत दवाखान्यात शिरल्या, तेव्हा दोन्ही कुड्या जागेवर होत्या. कुड्या जड, कानाची भोकं वयाने ओघळलेली, म्हणून दोन्हीकडून मोत्यांचे वेल कानावरून वर नेऊन आंबाड्यात अडकवलेले. आणि आंबाडा! चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, पण आंबाडा नारळाएवढा, काळाभोर, भोवती मोगऱ्याचा गजरा. माझ्या टकलाला पाहवेना.

मग त्या आधी वॉशरूममध्ये गेल्या. बऱ्याच वेळाने बाहेर आल्या त्या डोक्यावरून पदर घेऊन. माझ्यासमोरून खाली मान घालून गेल्या. मला भरून आलं. माझा मान राखून कोणी पदर घ्यावा, असं घडून पन्नास वर्षं झाली असतील.

पुढच्या खांबासाठी साक्षीदार गोळा करायला लागलो आणि डोकं धरायची पाळी आली. वसुंधराबाईंचे पलंगावर डोळे मिटलेले. इरावती काम करताना स्वतःही डोळे मिटते, त्याशिवाय बोटांना ऐकू येत नाही म्हणे. बाहेर प्राची कानात ती बोंडं घालून डोळे मिटून गाणी ऐकत होती. आणि मी? त्या खोलीत कोणी झोपलं की बाहेर माझाही डोळा लागतो, कितीदा तरी झालंय असं. चार साक्षीदार, आठ डोळे, एक उघडा नाही. साक्षीदार म्हणून बिबट्या यापेक्षा भरवशाचा.

घरी जातानाही पदर डोक्यावरच होता. गाडीत कान कोणी पाहिले नाहीत. घरी पदर कानावरून जरासा सरकला तेव्हा प्राचीलाच आधी दिसलं.

म्हणजे दारात टोन आहे, घरी नाही, आणि मध्ये सगळा अंधार. शनिवारी सकाळी मी इरावतीला बसवून म्हटलं, तू डोळ्यांनी पाहिलं नाहीस ते सोड, हातांनी काय पाहिलंस ते सांग. ती जे म्हणाली, त्याने माझा चहा हातातच निवला.

३

"काका, मी डोकं हातात घेतलं तेव्हा डाव्या कानात कुडी नव्हतीच."

आधी का सांगितलं नाहीस म्हणून मी भडकलो. तिने सांगितलं होतं. गुरुवारी रात्रीच, समीरला फोनवर. तो म्हणाला, चोर हेच म्हणेल. बरोबरच होतं त्याचं. तिला वाटलं होतं, म्हाताऱ्या बाई एकीकडची घालायला विसरल्या असतील, विचारून कशाला ओशाळवायचं. उजवीकडची मात्र होती, तिला जपून बोटं ठेवली होती.

म्हणजे पलंगावर चढायच्या आधीच टोन गेलेली. मी खुर्चीतून उठलोच. आणखी काय जाणवलं, आंबाडा कसा होता, वेल कुठे होता, भराभर विचारत सुटलो.

आंबाड्याचं नाव काढताच तिने मला अडवलं.

"ते नका विचारू. डोकं हातात घेतल्यावर जे कळतं ते माणसाचं असतं. बाहेर सांगायचं नसतं."

मी समजावलं, रागावलो, तिच्या साताऱ्याला नावं ठेवली. सोमवारी पोलीस विचारतील तेव्हा काय करशील? तेव्हाही नाही, म्हणाली. स्वतःचं घर जळत असताना शेजाऱ्याचा पडदा नीट करणारी ही बाई. तिच्या टेबलावर डोकं आपटून घ्यावंसं वाटलं, पण त्याचा इलाजही तिच्याकडेच घ्यावा लागला असता.

शेवटी मी निरुपद्रवी प्रश्न विचारला. पलंगाशेजारी एक स्टीलची वाटी असते. झोपण्याआधी चष्मा, केसांतले आकडे, पिना, जे टोचेल ते पेशंट त्यात काढून ठेवतात. गुरुवारी वाटीत काय होतं?

"चष्मा," ती म्हणाली. "फक्त चष्मा."

नारळाएवढा आंबाडा आणि एक आकडा नाही. हे कुठेतरी खटकलं, पण तेवढ्यात दाराशी झाडूचा आवाज थांबला. पाहतो तो गंगूबाई आमचं बोलणं ऐकत उभी, आणि माझी नजर जाताच तिने पदराचं टोक मुठीत दाबलं.

४

गंगूबाई दवाखान्याची झाडलोट करते. नवरा गेल्यापासून हेच तिचं घर चालवणारं काम. तिला विचारलं की ती उलट दोन विचारते. गुरुवारी तू वॉशरूममध्ये गेली होतीस का, म्हटलं. मी रोज जाते, तुम्ही जात नाही काय, म्हणाली.

हळूहळू निघालं. वसुंधराबाई आत असताना तिने दोनदा दार वाजवलं होतं, फिनेल टाकायचं होतं म्हणून. आतून घाबरा आवाज आला, येते येते. बाई पर्स छातीशी धरून बाहेर पडल्या आणि गंगूबाई आत गेली. म्हणजे बाईंनंतर त्या खोलीत पहिलं पाऊल हिचं. आणि आत काय सापडलं विचारताच हिचा चेहरा पडलेला.

मला वाईट वाटलं. इरावती सुटणार, पण गंगूबाई अडकणार. समीरला एक नाव हवंच होतं.

"पदरात काय होतं गंगूबाई?"

"आज काही नाही हो. परवा होतं," ती म्हणाली. मग रडकुंडीला येऊन, "मी चोरलं नाही भिया. तिथेच ठेवून गेल्या होत्या. ताजा होता, फेकायचा कसा? म्हणून गणपतीला घातला."

काउंटरवर खजराण्याच्या गणपतीची तसबीर आहे. तिच्यावर दोन दिवसांचा सुकलेला मोगऱ्याचा गजरा होता. वीतभर रुंदीचं गोल कडं. न सोडता, न तोडता, आंबाड्यावरून जसाच्या तसा उतरवलेला.

गजरा असा उतरायचा असेल, तर त्याच्या आतून आधी आंबाडा निघायला हवा. मी त्या सुकलेल्या कड्याकडे बघत बसलो. उत्तर समोर लटकत होतं आणि मला ते दिसत नव्हतं. लाइनमनच्या आयुष्यातला सर्वांत चीड आणणारा क्षण हाच असतो. हातात तार आहे, तार अखंड आहे, आणि टोन नाही.

५

ते दिसलं ते त्याच वॉशरूममध्ये. आता लाज सोडून सांगतो. माझे दात माझे नाहीत. कवळी आहे, वरची आणि खालची दोन्ही. इरावती जबड्याखाली बोटं ठेवते तेव्हा कवळी हलेल म्हणून मी दर खेपेला आधी वॉशरूममध्ये जातो, ती काढतो, रुमालात गुंडाळतो, खिशात खोल दाबतो आणि ओठ मिटून खोलीत जातो. वर्षभर कोणाला पत्ता नाही. उपचारानंतर शरूकाका किती शांत होतात, कमी बोलतात, म्हणून इरावतीचं कौतुकही होतं.

शनिवारी रुमालाची घडी घालता घालता मी आरशात स्वतःचं पोकळ तोंड पाहिलं आणि तसाच थांबलो. जे मी करतो, तेच वसुंधराबाईंनी केलं होतं.

आंबाडा त्यांचा नव्हता. गंगावन होतं, परक्या केसांचा गुंता आपल्या चिमूटभर केसांवर बसवलेला. पलंगावर तो टोचला असता, इरावतीच्या हाताला लागला असता. म्हणून त्या आधी वॉशरूममध्ये गेल्या. आकड्यांसकट गंगावन उपटलं, म्हणून वाटीत आकडे नव्हते, आणि मग त्यावरून गजरा सरकवून तिथेच ठेवला. बोडकं डोकं झाकायला पदर घेतला. माझ्या मानासाठी नव्हे. हे लिहितानाही जरा दुखतं.

आणि वेल? तो गंगावनात अडकवलेला. उजवीकडचा त्यांनी आठवणीने सोडवला. तेवढ्यात गंगूबाईने दार वाजवलं. घाईत डावा तसाच राहिला, गंगावन ओढलं तशी ओघळलेल्या भोकातून कुडीही निघून गेली, आणि सगळं मिळून रुमालात गुंडाळलं गेलं. कुडी कोणी चोरली नव्हती. ती बाईंच्याच पर्समधून घरी गेली होती.

मग त्यांना सापडली का नाही? कारण गुरुवारपासून घर माणसांनी भरलेलं. शोधाशोध चालू, खोलीत सून, मुलगा, नातलग. त्या भरल्या घरात ते गाठोडं सोडायचं कसं? आणि डोक्यावर घालायला दुसरं असेल, तर सोडायची गरजही नाही. कुडी पलंगावरच गेली याची त्यांना स्वतःला खात्री होती. त्या खोटं बोलत नव्हत्या. एक खरी गोष्ट लपवताना दुसरी त्यांच्याच डोळ्यांआड गेली होती.

रहस्य सुटलं. आणि आता ते सांगायचं कोणाला? समीरला सांगू, की तुझ्या आईचे केस खोटे आहेत? बाई जीव गेला तरी कबूल करणार नाहीत. नाही म्हणतील, ते गाठोडं नदीत टाकतील, आणि कुडीही जाईल, इरावतीही जाईल. साऱ्या जन्मात एकदा माझ्याकडे शंभर टक्के खरं होतं, आणि ते तोंडातून काढायची सोय नव्हती.

६

रविवारी सकाळी मी जुन्या इंदूरला चांदोरकरांकडे गेलो. बैठकीत आठ माणसं, पोहे आणि जलेबी फिरत होती. मध्ये वसुंधराबाई बसलेल्या, आणि त्यांच्या डोक्यावर नारळाएवढा आंबाडा.

मी पोह्यांची बशी घेतली ती खाली ठेवायचंच विसरलो. मग नीट पाहिलं. गुरुवारचा आंबाडा काळाभोर होता. हा कडेला तांबूस होता, मेंदीचा रंग उतरलेला. जुना. नवा अजून रुमालातच होता तर.

समीरने विचारलं, काका, काय शोधलं? त्याच्या आवाजात सोमवार ऐकू येत होता. बाईंशी एकांतात बोलायला मिळेना. पाणी मागितलं तर पाणी आलं, देव बघायचे म्हटलं तर चौघं सोबत उठले. शेवटी मी जे केलं ते मी खांबावर विजेचा झटका खाल्ला तेव्हाही केलं नव्हतं. आठ माणसांसमोर तोंडात हात घातला, वरची कवळी काढली, खालची काढली, आणि रुमालावर वसुंधराबाईंच्या समोर ठेवली.

प्राचीने जलेबीची बशी उचलून बाजूला नेली. समीरने मान फिरवली.

"वहिनी," मी पोकळ तोंडाने म्हटलं, "ही मी दर खेपेला इरावतीच्या वॉशरूममध्ये काढतो. रुमालात गुंडाळतो. मागच्या महिन्यात एकदा हिच्याबरोबर माझी अंगठीही गुंडाळली गेली. तीन दिवस मोलकरणीवर आळ घेतला. रुमाल जवळच होता, पण घरच्यांसमोर उघडायचा कसा?"

अंगठी माझ्याकडे नाही, मोलकरीणही नाही. पण बाईंचा हात पोह्यांच्या बशीवर थांबला होता. त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मग कवळीकडे. चेहऱ्यावर आधी राग आला, मग भीती, मग काहीतरी मोजल्यासारखं झालं.

देवाला हात जोडून येते, म्हणून त्या आत गेल्या. कडी लागल्याचा आवाज आला.

पाच मिनिटांनी बाहेर आल्या, तळहात पुढे करून. कुडी होती. आणि तिच्या वेलाच्या आकड्यात गुंतलेला, हातभर लांब, काळाभोर केस.

त्या घरात तेवढा लांब, तेवढा काळा केस कोणाचाच नव्हता. समीर उठून जवळ यायला लागला. मी कुडी हातात घेतली, बघू म्हणून, आणि दोन बोटांनी तो केस सोडवून मुठीत घेतला. कोणाला कळलं नाही. माझा हात त्या क्षणी पाच ग्रॅमचा होता. वजन न देता एखाद्याचं डोकं कसं सांभाळायचं, ते वर्षभर इरावतीच्या पलंगावर पडून मी उगाच शिकलो नव्हतो.

"कुठे होती?" समीरने आईला विचारलं.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

मी कवळी बसवली आणि बोललो. दवाखान्याच्या वॉशरूमच्या खिडकीशी एक खार राहते, म्हटलं. तिला मोगऱ्याचं वेड. गजऱ्यावर उडी मारली, वेलात पाय अडकला, कुडी निघाली, खार घाबरून उघड्या पर्समध्ये पडली, आणि कुडी अस्तराच्या फाटीत सोडून पळाली. वहिनी देवाला हात जोडायला वाकल्या तेव्हा अस्तरात टोचलं.

माझ्या आयुष्यातली ही सर्वांत भिकार थाप होती. बिबट्यापुढे उभी राहणार नाही अशी.

"काका," समीर सावकाश म्हणाला, "खार?"

"हो," वसुंधराबाई म्हणाल्या. "खार होती. मी पाहिली."

जन्मात खोटं न बोललेली बाई. समीर खाली बसला. मी उसंत दिली नाही. त्याला तिथेच, सगळ्यांसमोर, इरावतीला फोन लावायला लावला, आणि ज्या ग्रुपवर तिचं नाव गेलं होतं त्याच ग्रुपवर माफी लिहायला लावली. खारीसकट. संध्याकाळपर्यंत अख्ख्या तुकोगंजाने खारीवर विश्वास ठेवला. बिबट्यावर अजून कोणी ठेवत नाही.

जिन्यापर्यंत प्राची सोडायला आली. मुठीतला केस मी तिच्या नजरेआड खिशात टाकत होतो.

"राहू द्या काका," ती हळूच म्हणाली. "गंगावनाचं मला लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून माहीत आहे."

मी जिन्यातच बसलो. मग बोलली का नाहीस, म्हटलं. ते वॉशरूममध्ये काढलं असेल हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि एरवी? "त्या लपवतात ना, म्हणून मी बघत नाही," ती म्हणाली.

सगळ्या शहराने असे सभ्यपणे डोळे मिटले, तर म्हाताऱ्या लाइनमनने टोन शोधायची कुठे?

७

पुढच्या गुरुवारी दवाखाना भरलेला होता. अकराला वसुंधराबाई आल्या. आंबाडा काळाभोर, गजरा ताजा. वॉशरूमच्या दाराशी क्षणभर थांबल्या. गंगूबाई फिनेलची बाटली पाठीमागे लपवून भिंतीला चिकटली.

बाई वळल्या आणि पदर खांद्यावरच ठेवून सरळ इरावतीच्या खोलीत गेल्या. दार लोटलं गेलं. आतून काही बोलणं ऐकू आलं नाही.

मग स्टीलच्या वाटीत एक आकडा पडला. टण्. मग दुसरा. प्राचीने कानातली बोंडं काढली. आम्ही दोघं डोळे उघडे ठेवून मोजत बसलो. अकरा आकडे. त्यानंतर काहीतरी मऊ, वजनदार, खुर्चीवर ठेवल्याचा आवाज आला, आणि सगळं शांत झालं.

गंगूबाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिच्या हातात दुसरी वाटी होती, झाकण असलेली.

"मॅडमनी दिली," ती म्हणाली. "म्हणाल्या, काकांना सांग, पहिल्या दिवसापासून माहीत होतं."